घरच्या रीफ टँकमध्ये कोरलचे तुकडे वाढवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. कोरल कापायचं कसं, हे विचारणारे खूप असतात. कापायच्या आधी आणि नंतर पाण्याचं काय करायचं, हे विचारणारे मोजकेच. कात्रीचं काम पाच मिनिटांचं आहे. फ्रॅग, म्हणजे कापलेले तुकडे, मरतात ते बहुतेक पाण्यामुळे, म्हणून खाली पाण्यावर जास्त लिहिलं आहे. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात येऊन गेला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फ्रॅग म्हणजे काय? तुकडा तोडला तर कोरल मरत नाही का?

बहुतेक कोरल म्हणजे एकमेकांना जोडलेल्या असंख्य पॉलिपची (इवल्या जीवांची) कॉलनी. प्रत्येक पॉलिपला स्वतःचं तोंड आणि पोट असतं, त्यामुळे कॉलनीपासून सुटा केलेला तुकडाही स्वतंत्रपणे जगतो. समुद्रात वादळाने अॅक्रोपोरा या दगडी कोरलच्या फांद्या मोडतात, आणि पडल्या जागी ऊन व प्रवाह बरा असला तर तिथेच चिकटून नवी कॉलनी उभी राहते. गुलाबाची काडी खोचून रोप करतो तसंच हे आहे. अशा लागवडीच्या तुकड्याला फ्रॅग म्हणतात. जनुकांच्या दृष्टीने तो मूळ कॉलनीसारखाच असतो, म्हणून रंगही तोच येतो. अट एकच, पाणी आणि प्रकाश तसाच मिळायला हवा.

२. भारतात घरी कोरल ठेवणं कायदेशीर आहे का? मालवणहून एखादा तुकडा आणला तर?

आणू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून दगडी सांगाड्याची सगळी कोरलं आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला पांढरा तुकडाही उचलायचा नाही. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

परदेशातून येणाऱ्या दगडी कोरलला साइट्स या, धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रं लागतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या करारातल्या जिवंत प्रजाती बाळगणाऱ्याने नोंदणी करण्याची तरतूदही कायद्यात आली आहे. दुकानदार ‘सगळं लीगल आहे’ म्हणाला, एवढ्यावर जाऊ नका, कागद मागा. शंका असली तर वनविभागाला विचारा.

झोआ, मशरूम, लेदर ही मऊ कोरलं साइट्सच्या यादीत नाहीत. महाराष्ट्रात राहणाऱ्याने याच तिघांवर हात बसवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्र. १३, १४ आणि २३ दगडी कोरलांबद्दल आहेत. दुबई, सिंगापूर, लंडन, अमेरिका अशा ठिकाणांहून लिहिणाऱ्या मराठी वाचकांसाठी ते घेतले, कारण तिकडे दुकानांत आणि क्लबांत फ्रॅगची देवाणघेवाण उघड चालते. सुट्टीवर येताना मात्र तिकडचा फ्रॅग बॅगेत टाकून आणायचा नाही.

३. टँक लावून दोन महिने झाले. आता फ्रॅग टाकू का?

एखादा झोआ किंवा मशरूम टाकायला हरकत नाही, पण कापाकापी आत्ताच नको. सहा महिने जाऊ द्या. वयापेक्षा खुणांकडे पाहा. काचेवर आणि दगडांवर गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ धरू लागलंय का? तपकिरी डायटम शेवाळाची पहिली लाट येऊन ओसरलीय का? अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) आठवडाभर जागच्या जागी राहतेय का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर टँक तयार आहे. शंभर लिटरपेक्षा लहान टँकमध्येही जमतं, पण त्यात चूक झाली तर सावरायला वेळ मिळत नाही.

४. पाण्याचे आकडे किती हवेत?

खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस. अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम (दशलक्षात इतके भाग). नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास. ही शेवटची दोन शून्यावर आणायच्या मागे लागू नका, कोरललाही खायला लागतं.

यांतला कुठला आकडा रोज पाहायचा? अल्कलिनिटी. कोरल सांगाडा बांधतं तेव्हा २.८ डीकेएच अल्कलिनिटी खर्च होते आणि कॅल्शियम फक्त २० पीपीएम उतरतं. म्हणजे अल्कलिनिटी ८ वरून ५.२ वर घसरली तरी कॅल्शियम ४२० चं ४०० झालेलं असतं, आणि टेस्ट किटवर ते ‘ठीकच आहे’ असं दिसतं. त्या भरवशावर राहणाऱ्यांचे फ्रॅग बुडाकडून पांढरे पडू लागतात. ७.५ हवी की ८.५, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जो आकडा असेल तो तसाच टिकवा.

खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आरओ पाण्यावर शून्य करून मोकळे होऊ नका. ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर तपासा.

५. अल्कलिनिटी वाढवायला खायचा सोडा टाकतात म्हणे. खरं का?

खरं आहे. शुद्ध सोडियम बायकार्बोनेट चालतं. बेकिंग पावडर नाही, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. शंभर लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोड्याने अल्कलिनिटी साधारण १ डीकेएच वाढते. शंभर लिटर म्हणजे टँकचं माप नव्हे, दगड-वाळू वजा जाता प्रत्यक्ष असलेलं पाणी. आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेल्या) पाण्यात विरघळवून सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) हळूहळू सोडा आणि दिवसात १ डीकेएचच्या वर जाऊ नका. टँकमध्ये मऊ कोरलंच असतील तर याची गरज क्वचित पडते, दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की पुरतं.

६. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल का?

सहसा नाही, आणि काही मशिनचं तर मुळीच नाही. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, तो न गाळलेलं थोडं पाणी परत मिसळतो. काहींत खनिजांचं कार्ट्रिज असतं, आणि अलीकडच्या कित्येक मॉडेलमध्ये ‘कॉपर’ म्हणून मुद्दाम तांबं सोडतात. माणसाला चालणारं तांब्याचं प्रमाण कोरल, कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. वेगळं आरओ-डीआय युनिट घ्या आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसेल तेच पाणी वापरा. बाष्पीभवनाने उडालेलं पाणीही याच गोड्या पाण्याने भरायचं, मिठाच्या पाण्याने नाही. मीठ उडत नाही.

७. अलिबागहून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणलं तर मिठाचे पैसे वाचतील ना?

मिठाचे वाचतील, कोरलचे जातील. आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ, सांडपाणी आणि बोटींचं तेल असतं, पावसाळ्यात खारटपणाही पार घसरतो.

८. फ्रॅग करायला साहित्य काय लागतं?

मऊ कोरलांसाठी धारदार सर्जिकल ब्लेड आणि चिमटा. दगडी कोरलांसाठी बोन कटर. सायनोअॅक्रिलेटचं (सुपरग्लूचं) जेल, फ्रॅग प्लग (तुकडा चिकटवायची छोटी बैठक), टँकच्याच पाण्याने भरलेले दोन-तीन डबे, आयोडीनचं कोरल डिप (तुकडा बुडवून काढायचं द्रावण). हातमोजे आणि डोळ्यांचा चष्मा ‘जमलं तर’ या सदरात येत नाहीत (प्र. १५).

प्लग महाग वाटत असतील तर पांढऱ्या संगमरवराचे धुतलेले तुकडे चालतात, तेही कॅल्शियम कार्बोनेटच. सिमेंटचे घरगुती प्लग आठवडेच्या आठवडे पाण्यात भिजवावे लागतात, नाहीतर पीएच वर खेचतात. फ्रॅग रॅकसाठी फॉल्स सीलिंगच्या दिव्यांखालची चौकोनी खणांची पांढरी प्लॅस्टिक जाळी उत्तम. प्लग तिच्यात अलगद बसतात.

९. फेविक्विक चालेल का? आणि प्लंबिंगची पुट्टी?

फेविक्विक जातीने सायनोअॅक्रिलेटच आहे, पण पातळ असल्यामुळे ओल्या पृष्ठभागावर धरत नाही, वाहून जातं. जेल घ्या. तुकड्याचं बूड टिश्यूने टिपा, जेलचा वाटाण्याएवढा गोळा लावा, प्लगवर दाबा आणि पाण्यात बुडवा. पाण्याने ते लवकर घट्ट होतं. हार्डवेअरच्या दुकानातली पुट्टी मी टँकमध्ये घालत नाही. मत्स्यालयासाठी म्हणून विकली जाणारी इपॉक्सी मिळते, तीच वापरावी.

१०. झोआ कसे कापायचे?

आधी प्र. १५ वाचा, मग या उत्तराकडे या.

झोआंचे पॉलिप खाली एका चिवट चटईने जोडलेले असतात. शक्य असेल तर दगडासकट पाण्याबाहेर काढा, पॉलिप मिटू द्या आणि दोन पॉलिपच्या मधल्या चटईत ब्लेड चालवा. पॉलिप मधोमध चिरू नका. तीन ते पाच पॉलिपचा तुकडा चांगला धरतो. एकट्या पॉलिपचा फ्रॅगही जगतो, पण तो वाढताना पाहणं हा संयमाचा अंत आहे. कापल्यावर डिप, स्वच्छ पाण्यात विसळणं, मग जेल. दोन-चार दिवस पॉलिप उघडले नाहीत तर घाबरू नका. आठवडा उलटूनही मिटलेलेच असतील तर झोआ खाणाऱ्या न्युडिब्रँकचा (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायीचा) संशय घ्या (प्र. १९).

११. मशरूमला गोंद लावला की तो रात्रीत निसटून जातो. उपाय?

मशरूमचं अंग बुळबुळीत, त्यावर जेल टिकत नाही. उपाय सोपा आहे. मशरूम तोंडातून आरपार दोन किंवा चार भागांत कापा. बारीक दगडांचे खडे घातलेल्या उथळ डब्यात ते भाग ठेवा आणि वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा. डबा टँकच्या तळाशी, मंद प्रवाहात. दोनेक आठवड्यांत तुकडे आपापले खडे पकडतात. मग खड्याला जेल लावून प्लगवर बसवा. चिकटतो तो खडा. हे तुकडे दिसेल त्या आकारातून पुन्हा गोल होतात, तोंडही नवं येतं.

१२. लेदर आणि ग्रीन स्टार पॉलिपचं काय?

लेदरची टोपी ब्लेडने कापून तिचे तुकडे करता येतात. दगडावर सैल रबरबँडने किंवा जाळीने धरून ठेवा, आवळून बांधलं तर रबर मांसात रुतून तुकडा सडतो. कापल्यावर लेदर पाण्यात रसायनं सोडतं आणि शेजारच्या कोरलांना ती सोसत नाहीत, म्हणून त्या दिवशी अॅक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवा. अधूनमधून लेदर मिटून मेणचट साल टाकतं. तो आजार नाही.

ग्रीन स्टार पॉलिपला शिकवणी लागत नाही. चटई कात्रीने कापा, चिकटवा. खरा प्रश्न ते थांबवायचं कसं हा आहे. मुख्य दगडावर कधीही लावू नका, वाळूत सुटा दगड ठेवून त्यावरच वाढवा. झेनिया या मऊ कोरललाही हाच नियम.

१३. अॅक्रोपोरा, माँटीपोराची फांदी कुठून तोडावी? (भारताबाहेरच्या वाचकांसाठी, प्र. २ पाहा)

सुरुवात माँटीपोरा डिजिटाटापासून करा. टोकाकडची तीन ते पाच सेंटिमीटरची फांदी बोन कटरने एका झटक्यात तोडा. थाळीसारखा माँटीपोरा कॅप्रिकॉर्निस तर बोटांनीही मोडतो. काही मिनिटं हवेत राहिल्याने बिघडत नाही, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली कोरलं ओहोटीला तासन् तास उघडी पडतात. फांदी उभी चिकटवली तर उंच वाढते, आडवी चिकटवली तर आधी पसरते आणि मग एकाच वेळी अनेक कोंब काढते. मला आडवी पद्धत पसंत आहे, दिसायला मात्र सहा महिने कंगाल दिसते.

१४. टॉर्च आणि हॅमर ही दगडी कोरलं कापताना भीती वाटते.

वाटायलाच हवी. आधी ते फांद्यांचं आहे की सलग भिंतीसारखं, हे पाहा. फांद्यांच्या प्रकारात प्रत्येक डोकं वेगळ्या देठावर असतं. डोकं पूर्ण मिटू द्या आणि जिवंत मांस संपतं त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली, कोऱ्या सांगाड्यात कापा. मांसाला ब्लेड लागतच नाही. भिंतीच्या प्रकारात मात्र मांसातूनच कापावं लागतं. त्या जखमेला अनेकदा तपकिरी जेलीसारखा रोग लागतो आणि बघता बघता सगळं कोरल विरघळतं. भिंतीचं हॅमर कापूच नका. तपकिरी जेली दिसलीच तर पंप बंद करून ती नळीने ओढून घ्या, डोकं वेगळं काढा आणि डिप द्या.

१५. झोआंमुळे माणूस मरू शकतो हे खरं की अफवा?

धोका खरा आहे. पॅलिथोआ हा झोआंचा प्रकार आणि त्याच्या काही नातलगांत पॅलिटॉक्सिन नावाचं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक विष असतं. १९७१ साली हवाईतल्या शास्त्रज्ञांनी ते पॅलिथोआतून वेगळं काढलं. माऊई बेटावरच्या हाना भागातले लोक भाल्यांना लावायला ते वापरत, असं तिथली परंपरा सांगते. सगळ्या झोआंत ते सारखं नसतं, काहींत जवळजवळ नसतंच. नुसतं पाहून कुठल्यात आहे ते सांगता येत नाही, म्हणून प्रत्येकात आहे असं धरूनच वागायचं.

कापताना हातमोजे आणि चष्मा घाला, कारण पॉलिप पिचकारी मारतात आणि ती नेमकी डोळ्यांच्या उंचीवर येते. हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम नको. स्वयंपाकघराचा ओटा, मुलं, मांजर, सगळ्यांपासून दूर बसा.

झोआ लागलेला दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, कोरडा घासू नका. उष्णतेने हे विष नष्ट होत नाही, वाफेबरोबर हवेत उडतं. असं केल्याने अख्खं कुटुंब दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. ब्लेड, डबे आणि पुसायची फडकी पाणी घातलेल्या ब्लीचमध्ये अर्धा तास ठेवून मग धुवा. तोंडात धातूसारखी कडवट चव, ताप, अंग मोडून येणं, धाप लागणं किंवा डोळ्यांची आग यांपैकी काही झालं तर लगेच रुग्णालयात जा आणि ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द डॉक्टरांना स्वतःहून सांगा. यावर विशिष्ट उतारा नाही, लक्षणांवर उपचार करतात.

१६. नवा फ्रॅग टँकमध्ये कुठे ठेवू?

आधी खाली, मग वर. मऊ कोरलांना ५० ते १०० पार (कोरलमधल्या शैवालांना उपयोगी प्रकाशाचं माप) प्रकाश बहुधा पुरतो, झोआंना थोडा जास्त. टॉर्च-हॅमरला ८० ते १५०, अॅक्रोपोराला २०० ते ३५०. पार मीटर कुणाकडून तरी एका दिवसासाठी मागून आणा, विकत घ्यायची वस्तू नव्हे. फ्रॅग पहिले दोन आठवडे लागणाऱ्या प्रकाशाच्या निम्म्यावर ठेवा. आणि रोज हलवू नका. ‘इथे खूश दिसत नाही’ म्हणून जागा बदलत राहणं हे फ्रॅग मारायचं फार चालणारं कारण आहे.

१७. माझा फ्रॅग तपकिरी झाला. मित्राचा पांढरा पडला. दोघांचं काय चुकलं?

कोरलच्या मांसात एकपेशीय शैवालं राहतात, ती प्रकाशापासून अन्न करून यजमानाला देतात. प्रकाश कमी पडला किंवा नायट्रेट-फॉस्फेट फार वाढलं की ही शैवालं गर्दी करतात, म्हणून तपकिरी. प्रकाश किंवा उष्णता अचानक वाढली की कोरल त्यांना बाहेर टाकतं, म्हणून पांढरं. पांढऱ्यावर मांस अजून दिसत असेल तर सावलीत न्या आणि पाणी थंड करा, ते परत रंग धरू शकतं. नुसता सांगाडा उरला असेल तर ते गेलं.

१८. फ्रॅग किती दिवसांत मोठा होतो? बारीक तुकडे केले की वेगाने वाढतात असं ऐकलं.

जखम आठवड्या-दोन आठवड्यांत भरते. मग मांस जेलवरून प्लगवर उतरू लागतं, ते साधारण महिन्यात दिसतं. खरी वाढ त्यानंतर. झोआ आणि ग्रीन स्टार महिन्यांत फरक दाखवतात, गोट्यासारखी घट्ट दगडी कोरलं वर्षाला सेंटिमीटरभर.

बारीक तुकड्यांची गोष्ट खरी आहे. फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड व्हॉन यांच्या हातून एल्कहॉर्न कोरलची कॉलनी चुकून मोडली, आणि मागे उरलेले इवले तुकडे नेहमीपेक्षा कित्येक पट वेगाने पसरलेले दिसले. जखम भरून काढायची घाई कोरल वाढीसाठी वापरतं. एकाच कॉलनीचे तुकडे जवळजवळ लावले तर कडा भिडल्यावर ते पुन्हा एक होतात. मात्र हे काम तिथे डायमंड ब्लेडच्या करवतीवर आणि अत्यंत स्थिर पाण्यात होतं. घरी एक सेंटिमीटरपेक्षा लहान तुकड्यावर शेवाळ आधी चढतं.

१९. डिप केल्यावर कीड गेली असं समजायचं ना?

नाही. डिपने चालते-फिरते किडे पडतात, अंडी टिकून राहतात. अॅक्रोपोरावरचे चपटकृमी, माँटीपोरा आणि झोआंवरचे न्युडिब्रँक, सगळ्यांचं हेच. म्हणून आलेला फ्रॅग जुन्या प्लगवरून काढून नव्यावर लावा, कारण अंडी, ऐप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) आणि बुडबुड्यांचं शेवाळ बरेचदा प्लगच्या बुडाशीच असतं. मग वेगळ्या छोट्या टँकमध्ये महिनाभर ठेवून दर आठवड्याला डिप. कंटाळवाणं आहे खरं.

२०. दोन फ्रॅगमध्ये अंतर किती?

रात्री बॅटरीचा उजेड पाडून पाहा म्हणजे उत्तर कळेल. दिवसा शांत दिसणारं गॅलॅक्सिया कोरल अंधारात वीतभर लांब डंखधारी तंतू सोडतं. त्याच्याभोवती २०-२५ सेंटिमीटर मोकळे ठेवा, टॉर्च-हॅमरभोवती १५. झोआ आपसांत भिडले तर सहसा भांडत नाहीत, जोरकस जात दुसरीला सावकाश झाकून टाकते इतकंच.

२१. मे महिन्यात आणि वीज गेल्यावर काय करायचं?

पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला तर तापमान दोन-तीन अंश उतरतं. मुंबई-कोकणात हवाच दमट, तिथे बाष्पीभवन फारसं होत नाही आणि पंखा नुसता फिरतो. तिथे चिलर किंवा चोवीस तास एसी. नागपूरकरांनी चिलरशिवाय विचारच करू नये. बंद एसी खोलीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, अधूनमधून खिडकी उघडा.

वीज गेली तर दिवे विसरा, कोरल एक-दोन दिवस अंधारात राहू शकतं. आधी घुसमटतात ते मासे. इन्व्हर्टरवर पहिला वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) घ्या, मग हीटर-चिलरचा विचार. बॅटरीवरचा एअर पंप कपाटात हवाच.

२२. घरात पेस्ट कंट्रोल आहे. टँक झाकला की पुरे?

पुरे नाही. डासांच्या कॉइलमध्ये आणि झुरळांच्या फवाऱ्यात पायरेथ्रॉइड असतात, ते कोळंबी-खेकड्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक. स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवा ओढून पाण्यात घुसळतो, म्हणजे फवारा थेट पाण्यातच गेला. टँकच्या खोलीत फवारणी करू देऊ नका. बाजूच्या खोलीत असेल तर स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा आणि कार्बन नवा घाला. गणपतीतल्या धूप-उदबत्तीसाठीही नळी बाहेर काढलेली बरी.

२३. कॉलनी बुडाकडून झपाट्याने सोलवटतेय. कापून काही वाचेल का? (दगडी कोरल)

वाट पाहू नका. सोलवटलेल्या रेषेपासून निदान एक-दोन सेंटिमीटर वर, पूर्ण निरोगी दिसणाऱ्या भागातून टोकं तोडा, डिप द्या आणि शक्य असल्यास दुसऱ्याच टँकमध्ये लावा. एरवी आजारी कोरल कापायचं नसतं, त्याला हा अपवाद. मग अल्कलिनिटी तपासा. तासाभरात सगळं उतरतंय असं असेल तर टोकंही सहसा वाचत नाहीत.

२४. फ्रॅग वाढून जागा उरली नाही. समुद्रात सोडून दिले तर पुण्यच ना?

अजिबात सोडू नका. तुमच्या टँकमधलं कोरल बहुधा इंडोनेशियाकडचं, त्याच्याबरोबर कीड, शेवाळं आणि जंतू जातात, आणि ते आपल्या समुद्रातले नाहीत. समुद्रात कोरल लावण्याचं काम होतं, पण परवानगीने आणि तिथल्याच कोरलांवर. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने दुसरीकडे हलवल्या गेल्या, तो असाच प्रकार. तुमचे जास्तीचे झोआ आणि मशरूम दुसऱ्या टँकवाल्याला द्या. कुणीच घेत नसेल तर पुढचा तुकडा कापू नका.